गेमिंग संगणक घेताना : प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि टाकव्याची वीज

जुन्या मुंबई–पुणे महामार्गावरील कान्हे फाट्यावरून आत वळून इंद्रायणीचा पूल ओलांडला की टाकवे बुद्रुक येते. आंदर मावळातील वाड्यावस्त्यांचे हे बाजाराचे गाव. भोवती आता कारखानेही उभे राहिले आहेत. किराणा, कापड, बांधकाम साहित्य, खते-बियाणे यांचा व्यापार करणाऱ्या येथील कुटुंबांना संगणक नवा नाही. बिले, जीएसटीची विवरणपत्रे, बँकेचे व्यवहार सारे त्यावरच चालते. नवी आहे ती घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींची मागणी. त्यांना ‘गेमिंग’चा संगणक हवा असतो आणि त्याची किंमत दुकानातील संगणकाच्या दुप्पट-तिप्पट असते. तांदळाचा दाणा हातावर घेऊन त्याचे मोल सांगणारा गृहस्थ येथे मात्र अडखळतो. भाव करणे त्याला येते, पण माल ओळखता येत नाही. आणि ज्या मालाची पारख नाही त्याची खरेदी विक्रेत्याच्या भरवशावर होते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

बहुतेक ठिकाणी ही खरेदी उलट्या टोकाने सुरू होते. विक्रेता विचारतो, ‘बजेट किती?’ आकडा सांगितला की त्या आकड्यात बसेल अशी जुळणी तो कागदावर लिहून देतो. त्यात पारदर्शक काचेची पेटी आणि रंगीत दिवे असतात, आणि जे दिसत नाही त्यात काटकसर केलेली असते. वास्तविक पहिला प्रश्न असा हवा : कोणते खेळ खेळायचे आणि कोणत्या पडद्यावर? त्याच्या उत्तरावरून ग्राफिक्स कार्ड ठरते, कार्डावरून प्रोसेसर ठरतो आणि दोहोंच्या भुकेवरून वीजपुरवठा करणारा भाग ठरतो. टाकव्यासारख्या गावी मात्र हा शेवटचा भाग बराच वर सरकतो. त्याचे कारण पुढे येईलच.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांतील फरक पेढीच्या भाषेत सांगता येतो. प्रोसेसर म्हणजे अनुभवी मुनीम. असे मुनीम संख्येने थोडे असतात, पण प्रत्येकजण अवघड हिशोब एकट्याने सोडवतो, पुढच्या पावलाचा निर्णय घेतो आणि इतरांना कामे वाटून देतो. एएमडीच्या ‘रायझन ५ ५६००’मध्ये किंवा इंटेलच्या ‘कोअर आय-५ १२४००एफ’मध्ये असे सहा मुनीम, म्हणजे सहा कोअर, असतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे गोदामातील हजारो मापाडी. प्रत्येकाला एकच साधे काम येते, पण सारे एकाच वेळी राबतात. एनव्हिडियाच्या ‘आरटीएक्स ३०६०’मध्ये असे ३५८४ गणक आहेत. खेळातील गाडी वळली, प्रतिस्पर्धी पुढे आला, चेंडू खांबाला लागून परतला, हे सारे मुनीम ठरवतो. त्या क्षणाचे चित्र ठिपक्याठिपक्याने मापाडी रंगवतात.

या सामर्थ्याची कल्पना पुण्याच्याच एका उदाहरणावरून येईल. सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा भारताचा पहिला महासंगणक पुण्यात सिद्ध केला. २५६ नोडच्या मांडणीत त्याचा सैद्धांतिक कमाल वेग सेकंदाला सुमारे १०० कोटी गणिते इतका होता. मुले ज्याला आज मध्यम दर्जाचेही मानत नाहीत, त्या ‘आरटीएक्स ३०६०’चा कागदावरील वेग सेकंदाला १२ लाख कोटी गणितांच्या पुढे जातो. दोन्ही यंत्रांच्या गणितांची अचूकता सारखी नसल्याने ही तुलना काटेकोर म्हणता येणार नाही, तरी अंतर किती पडले हे त्यातून दिसते.

एवढा वेग लागतो कशाला, याचे उत्तर पडद्यात आहे. नेहमीच्या ‘फुल एचडी’ पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे मिळून २०,७३,६०० ठिपके असतात. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचे तर दर सेकंदाला साडेबारा कोटींच्या आसपास ठिपके नव्याने रंगवावे लागतात. त्यावरच्या, म्हणजे २५६० गुणिले १४४० च्या पडद्यावर ठिपके ३६,८६,४०० होतात आणि ‘फोर-के’ पडद्यावर ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट. पडद्याची एक पायरी चढली की कार्डावरील भार असा उडी घेतो, आणि किंमतही उडी घेते. म्हणून चोवीस इंची फुल एचडी पडद्याचा निर्णय एकदा झाला की दुकानातील निम्मी महागडी कार्डे आपोआप चर्चेबाहेर जातात. मोठ्या कार्डासमोर छोटा पडदा ठेवणे म्हणजे दहा टनी ट्रकमधून दोन गोणी नेणे होय, आणि विक्रेते हे आवडीने करतात.

पडद्याचा आणखी एक आकडा पाहावा लागतो, तो चित्र किती वेळा बदलते याचा. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ हर्ट्‌झच्या पडद्यावर सुमारे ६.९. चटकन प्रतिसाद द्यावा लागणाऱ्या स्पर्धात्मक खेळांत हा फरक हाताला जाणवतो. येथे मात्र कामाचा बोजा मुनिमाकडे सरकतो, कारण प्रत्येक नव्या चित्राआधी त्याला नवा हिशोब मांडावा लागतो. ‘व्हॅलोरंट’सारखा खेळ साध्या कार्डावरही पळतो, त्याचा वेग बहुधा प्रोसेसर अडवतो. ‘सायबरपंक २०७७’सारख्या भव्य दृश्यांच्या खेळात उलट होते, तेथे कार्ड घामाघूम होते आणि प्रोसेसर निवांत असतो. नगररचनेचे, रेल्वेमार्ग आखण्याचे, बाजारपेठ उभारण्याचे खेळ प्रोसेसरला राबवतात. मोटारशर्यती आणि विमान चालविण्याचे खेळ दोघांनाही. कोणते खेळ घरात यावेत आणि कोणते येऊ नयेत, हे आईवडील मुलांशी बोलून ठरवतातच. ते बोलणे खरेदीच्या आधी झाले तर पैसेही वाचतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ हा खेळ भारतीय पुराणकथांच्या वातावरणात घडतो. आपल्याच जिल्ह्यातील तरुणांनी हे यंत्र केवळ खेळण्यासाठी नव्हे, तर खेळ घडविण्यासाठीही वापरले, हे मुलांना दाखविण्याजोगे आहे.

खर्चाची वाटणी करताना एक ढोबळ प्रमाण उपयोगी पडते. पडदा वगळून उरलेल्या रकमेतील साधारण ३५ ते ४० टक्के कार्डावर जावेत, आणि प्रोसेसरवर त्याच्या निम्मे पुरतात. या प्रमाणापासून फार दूर गेलेली जुळणी कोणी लिहून दिली, तर कारण विचारावे. भारी प्रोसेसर आणि किरकोळ कार्ड ही चूक नेहमीची आहे, कारण ‘आय-नाइन’ हे नाव सांगायला भारदस्त वाटते. ज्या घरात हात आखडता घ्यायचा आहे तेथे सुरुवातीला कार्ड न घेण्याचाही मार्ग आहे. एएमडीच्या ‘५६००जी’ किंवा ‘८६००जी’ या प्रोसेसरांत चित्रे रंगविणारा भाग आतच असतो. हलके खेळ त्यावर चालतात. वर्षभराने आवड टिकली असे दिसले की कार्ड जोडता येते, आणि आवड विरली तर दुकानाला एक उत्तम संगणक मिळालेला असतो.

आता नावांच्या जंगलाकडे वळावे लागेल, कारण फसगत येथेच होते. ‘आय-सेव्हन आहे, घ्या’ असे म्हणून जुने, पुनर्विक्रीचे संगणक स्वस्तात खपवले जातात. २०१२ चा ‘आय-७ ३७७०’ आणि २०२२ चा ‘आय-३ १२१००’ या दोहोंत चारच कोअर आहेत. पण दहा वर्षांत कोअरच बदलले, आणि धाकटा समजला जाणारा आय-३ थोरल्या आय-७ ला सहज मागे टाकतो. शिवाय तो जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. म्हणून आय-३, आय-५, आय-७ याच्यापुढील आकडा वाचावा; त्याचे आरंभीचे अंक पिढी सांगतात. शेवटचे अक्षरही वाचावे. इंटेलच्या नावात ‘एफ’ असेल तर त्यात चित्र दाखविणारा भाग नसतो, कार्डाशिवाय पडदा काळाच राहील. ‘के’ म्हणजे वेग वाढविण्याची मुभा; ती बहुतेकांना लागत नाही, पण तिचे पैसे मात्र पडतात. एएमडीच्या नावातील ‘एक्सथ्रीडी’ म्हणजे जवळच ठेवलेली जास्तीची स्मृती. २०२२ च्या ‘५८००एक्सथ्रीडी’मध्ये ती धरून ही जवळची स्मृती एकूण ९६ मेगाबाइट होती, आणि खेळांत तिचा खरा लाभ होतो.

कार्डांच्या नावांत तर एकाच लेबलाखाली दोन माल निघतात. ‘आरएक्स ५८०’ हे कार्ड २०१७ चे. त्याचाच ‘२०४८एसपी’ असे शेपूट लावलेला एक प्रकार पुढे चीनच्या बाजारासाठी आला. आतून तो प्रत्यक्षात खालच्या ‘५७०’ इतकाच आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त ‘५८०’ कार्डांत हा माल भरपूर असतो. ‘आरटीएक्स ३०५०’ आठ जीबीचे आणि सहा जीबीचे मिळते. फरक केवळ स्मृतीचा वाटतो, पण एकात २५६० गणक आहेत आणि दुसऱ्यात २३०४. ‘आरटीएक्स ५०६० टीआय’ आणि ‘आरएक्स ९०६० एक्सटी’ ही २०२५ ची कार्डे आठ आणि सोळा जीबी अशा दोन रूपांत आहेत. येथे गणक सारखेच, पण नव्या खेळांची चित्रसामग्री आठ जीबीत मावेनाशी झाली आहे. ती मावली नाही की चित्र अडखळते. चार-पाच वर्षे वापरायचे कार्ड घेताना सोळा जीबीसाठी थोडे अधिक मोजणे योग्य. केवळ हलके स्पर्धात्मक खेळ असतील तर आठ पुरतात.

प्रोसेसर कोणत्या मदरबोर्डवर बसतो याचाही विचार त्याच वेळी व्हावा, कारण पुढे केवळ प्रोसेसर बदलून संगणक ताजा करता येईल की सारेच बदलावे लागेल, हे त्यावर ठरते. एएमडीचा ‘एएम-४’ हा साचा बरीच वर्षे चालला आणि आता स्वस्तात मिळतो, पण तो वाटेच्या शेवटाकडे आहे. २०२२ मध्ये आलेल्या ‘एएम-५’ला पुढील पिढ्यांचे आश्वासन आहे, त्याला मात्र महाग डीडीआर-५ रॅम लागते. इंटेलचा एलजीए १७०० हा साचा बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीपुरता होता; ऑक्टोबर २०२४ पासून नव्या प्रोसेसरांना नवा साचा आला. तेराव्या-चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले, दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अशा प्रोसेसरची खरेदी ठरली तर मदरबोर्डवर ती दुरुस्ती चढवून द्यावी, असे विक्रेत्याला आधीच सांगावे.

येथवरचा हिशोब पुण्यात, मुंबईत, कोठेही सारखाच. टाकव्यात तो बदलतो तो विजेमुळे. आंदर मावळातील ठोकळवाडी धरणाचे पाणी १९२२ पासून सह्याद्रीखाली भिवपुरीच्या वीजगृहात उतरते आणि मुंबईसाठी वीज घडवते. त्याच खोऱ्यात आषाढ-श्रावणात झाडाची फांदी तारेवर पडून दिवे लुकलुकतात, हा योग मावळवासीयांच्या परिचयाचा आहे. दुकानातल्या साध्या संगणकाला असा झटका फारसा जाणवत नाही. गेमिंगचा संगणक खेळाच्या भरात तीनशे-चारशे वॅट ओढत असतो, आणि नेमक्या त्या वेळी वीज गेली तर झटका मोठा बसतो.

म्हणून कार्ड निवडताना त्याचा वेग पाहावा तसे त्याचे वॅटही पाहावेत. ‘आरटीएक्स ३०६०’ १७० वॅट घेते. त्यानंतरचे ‘आरटीएक्स ४०६०’ अधिक वेगवान असूनही ११५ वॅटवर चालते. ‘आरटीएक्स ५०६०’ १४५ वॅटचे आहे. दुसऱ्या टोकाला ‘आरटीएक्स ५०९०’ एकटेच ५७५ वॅट मागते. खेड्यातील जुन्या वायरिंगवर ते लावण्याचे धाडस न केलेले बरे. दीडशे वॅटच्या आतले कार्ड आणि ६५ वॅटचा प्रोसेसर अशी जोडी घेतली की साडेपाचशे वॅटचा चांगल्या कंपनीचा वीजपुरवठा पुरतो. हा पेटीतला डबा साऱ्या भागांना वीज वाटतो, आणि खर्च कापताना विक्रेता सर्वांत आधी हात घालतो तो यालाच. त्यावर ‘एटी प्लस’चा शिक्का आहे का, वॉरंटी किती वर्षांची आहे, हे विचारून घ्यावे. निकृष्ट डबा जळतो तेव्हा अनेकदा तो एकटा जात नाही.

यूपीएसचेही तसेच. दुकानातील ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस सुमारे ३६० वॅटच देऊ शकतो. खेळाच्या भरात तो मान टाकेल. किमान १००० व्हीएचा, आणि इन्व्हर्टर घेताना ज्याला ‘प्युअर साइन वेव्ह’ म्हणतात तशा प्रकारचा यूपीएस घ्यावा, कारण चांगल्या वीजपुरवठ्यांची जुळणी त्याच्याशी नीट होते. वीज गेल्यावर तासभर खेळत राहावे हा त्याचा हेतू नसतो. पाच मिनिटांत खेळ साठवून संगणक नीट बंद करता आला म्हणजे पुरे. या साऱ्याआधी घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. संगणकाच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर भाग आणण्याची घाई न करता आधी वायरमनला बोलवावे.

वीजबिलाचे गणित सोपे आहे. तीनशे वॅट, रोज तीन तास, म्हणजे महिन्याला सुमारे २७ युनिट. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांनंतर टप्पा बदलतो. ज्यांचे बिल त्या रेषेच्या आसपास असते त्यांना हे युनिट चढ्या दराने पडतील.

पावसाळी दमट हवेचाही उल्लेख हवा. संगणक भिंतीला चिकटवून किंवा फरशीवर ठेवू नये, आणि पंख्यांपुढे काढून धुता येणारी बारीक जाळी असलेली पेटी घ्यावी. जाळीने धूळ अडते, आणि दिव्याच्या ओढीने येणारे किडे व उबेला येणारी पालही आत जाऊन प्राणास मुकत नाही.

खरेदीच्या दृष्टीने मावळ दोन बाजारांच्या मधोमध आहे. कान्हे स्थानकावरून लोकलने पुणे गाठता येते. तापकीर गल्ली आणि भोवतालच्या पेठांत इलेक्ट्रॉनिक मालाची दाट वस्ती आहे. लोणावळ्याहून मुंबईची गाडी धरली तर ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग. ऑनलाइन भाव कधी कमी दिसतो. पण कार्ड बिघडले तर ते कोठे न्यायचे, हा प्रश्न भावाइतकाच मोलाचा आहे. पुण्यात सेवा केंद्र असलेल्या कंपनीचे कार्ड थोडे महाग पडले तरी टाकव्याहून एका दिवसात जाऊन परत येता येते. प्रोसेसर पेटीबंद घ्यावा. सुट्या ‘ट्रे’ मालावर बहुधा कंपनीची वॉरंटी नसते, असते ती दुकानदाराच्या शब्दाची. आणि बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर उतरवून घ्यावा.

या मालाचे भाव वायदेबाजारासारखे हलतात. २०२१ मध्ये आभासी चलन ‘खणणाऱ्यां’नी कार्डे उचलली आणि भाव दुपटीवर गेले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमची पद्धत बदलली आणि अहोरात्र राबलेली तीच कार्डे जुन्या बाजारात आली. जुने कार्ड घ्यायचेच तर विक्रेत्यासमोर अर्धा तास भारी खेळ चालवून पाहावा, पंख्यांचा आवाज ऐकावा, तापमान पाहावे, आणि वॉरंटी शिल्लक नसेल तर भाव त्या मानाने पाडावा. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी रॅमचा साठा ओढल्याने रॅमचे भाव चढले. अशा वेळी आहे त्या संगणकातील डीडीआर-४ रॅम वापरता येईल असा साचा निवडणे हाही उपाय ठरतो.

बिल कोणाच्या नावे करावे, हा प्रश्न व्यापारी घरात हमखास निघतो. संगणकाच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. पेढीच्या नावे बिल घेऊन तो वळता करून घेण्याचा मोह होतो. कायदा याबाबत स्पष्ट आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम १७(५) खासगी उपभोगाच्या वस्तूंवरील कराचा परतावा नाकारते. मुलाच्या खोलीतील खेळाचा संगणक पेढीच्या वहीत दाखवणे त्यात बसत नाही. तोच संगणक दिवसा दुकानाच्या जाहिरातींची चित्रे, मालाचे व्हिडिओ किंवा हिशोब यांसाठी खरोखर वापरला जात असेल, तर कलम १७(१) प्रमाणे व्यवसायाच्या हिश्शापुरताच परतावा मिळतो. तो हिस्सा कसा धरावा हे कर सल्लागाराला खरेदीआधी विचारलेले बरे.

संगणक जोडून झाला की तो दुकानातच चालू करून, एखादा खेळ लावून पाहावा. मग घरी नेताना जड ग्राफिक्स कार्ड खाचेतून काढून त्याच्या मूळ खोक्यात वेगळे न्यावे. कान्ह्यापुढच्या रस्त्यावर गाडी आदळली की लटकते कार्ड मदरबोर्डची खाच मोडू शकते. घरी कार्ड पुन्हा बसवल्यावर पडद्याची वायर मदरबोर्डच्या मागच्या छिद्रात न लावता खालच्या बाजूच्या, कार्डाच्या छिद्रात लावावी. ही चूक इतकी सर्रास होते की नवे कार्ड महिनोन्महिने रिकामे बसून राहते आणि घरात सारे म्हणतात, एवढे पैसे घालूनही फरक दिसत नाही. १४४ हर्ट्‌झचा पडदा घेतला असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आकडाही स्वतः निवडावा लागतो. न निवडल्यास पडदा बहुधा ६० वरच चालत राहतो.